लहान बटण म्हणजे हो

लॉजच्या काउंटरखाली माझा एक पत्र्याचा डबा आहे. भाविक खोलीत विसरून गेलेल्या वस्तू त्यात जातात. कंगवे, चार्जर, एकेकटे पायमोजे, एकदा तर दातांची कवळी! न्यायला कुणी येत नाही आणि टाकून द्यायला माझा हात धजत नाही. आम्हा चौघांच्या फोनवरच्या जपानी गेमचे किस्से असेच साठत गेलेत. कुणाला सांगायला घ्यावं, तर आधीचं समजावून सांगण्यातच चहा थंड होतो. आज मंगळवार नाही, शुक्रवार नाही, पौर्णिमाही लांब आहे. गिऱ्हाईक कमी, तेव्हा डबा उघडतोच.

आधी माणसं सांगतो. मी तुळजापुरातल्या या बारा खोल्यांच्या लॉजचा मॅनेजर. गौतम सोनवणे हायस्कुलात प्रयोगशाळा सांभाळतो, शाळा सुटली की थेट इथं. अनंता पुजाऱ्यांच्या घरातला, सकाळभर देवळात, दुपारनंतर मोकळा. आणि दिगंबरकाका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. 'चला पुढं सरका, मधी जागा हाय' म्हणत ज्या माणसानं तीस वर्षं गाड्या भरल्या, त्याचा आवाज! आता खिशात एक छोटी वही असते, तिच्यात लिहून बोलतात. पण लिहून होईपर्यंत थांबायचा धीर किती जणांना? काही जण त्यांच्याशी ओरडून बोलतात, जसे काही काका बहिरेच झालेत. बाकीचे लांबूनच हात करून निघून जातात. मला याचा फार राग येतो, पण तो बाजूला ठेवू.

गेम आणला गौतमनं. त्याला चित्रं आवडली म्हणून. सगळा कारभार जपानीत, इंग्रजीचा पत्ता नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. काका आधी नको म्हणत होते. गौतम म्हणाला, "काका, या गेमात आमाला बी वाचता येत न्हाय आन् बोलता बी येत न्हाय. तिथं आपण सगळे सारखेच!"

काकांनी वहीत लिहिलं, 'मग येतो.'

*

पहिल्या आठवड्यातच गौतमनं शोध लावला. चौकट आली की खाली दोन बटणं असतात. एकावर दोन अक्षरं, दुसऱ्यावर तीन. दोनवालं म्हणजे हो, तीनवालं म्हणजे नाही.

अनंता म्हणाला, "आपल्यासारखंच की! हो म्हणायला काय लागतंय? न्हाय म्हणायचं तर लांबण लावावं लागतं."

तेव्हापासून आमचा नियम एकच. कळलं नाही की लहान बटण दाबायचं. असंच एकदा दाबलं आणि तीसेक जपान्यांच्या एका मंडळात आम्ही चौघं सभासद झालो. हे मंडळ रोज रात्री नऊला लढाईला जमतं. त्यांचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. सोलापूरच्या गाड्या स्टँडवर लागायची आणि खोल्या द्यायची नेमकी तीच वेळ!

मंडळातल्यांची नावं जपानीत. वाचता येईनात, म्हणून चेहऱ्यावरून ठेवली. म्हणजे अक्षरांच्या चेहऱ्यावरून. एकाच्या नावातलं पहिलं अक्षर हुबेहूब त्रिशूळ आणि दुसरं चार तावदानांची खिडकी. अनंतानं त्याला 'त्रिशूळखिडकी' म्हणून टाकलं. पुढं कळलं, की तोच मंडळाचा प्रमुख. मग नुसतं खिडकी म्हणणं बरं दिसेना, म्हणून तो झाला खिडकीराव.

*

लहान बटणाच्या नियमानं सगळ्यात मोठा दणका बसला तो नियम शोधणाऱ्यालाच.

गौतमचा खेळाडू आमच्यात सगळ्यात तगडा. चार महिने राबून वाढवलेला. एक दिवस त्याला नवे कपडे घालावेत म्हणून गौतम कुठल्याशा पानावर गेला. चौकट आली. लहान बटण. पुन्हा चौकट आली, जरा मोठ्या अक्षरात. लहान बटण. तिसऱ्यांदा आली ती लालभडक, खाली दोन ओळी जास्त. गौतमनं हसत हसत लहान बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. तलवार नाही, घोडा नाही, गौतमच नाही! गेम पहिल्या दिवसाच्या पानावर जाऊन बसला, जणू विनम्रपणे विचारत होता, की नवीन आहात का?

मी म्हटलं, "अरे, तीन-तीनदा विचारत होतं की ते! शंका नाही आली?"

गौतम म्हणाला, "मला वाटलं आग्रह करतंय. एवढा आग्रह केल्यावर नको म्हणणं बरं दिसंना."

काकांनी वही काढली. 'शेवटचा स्टॉप होता. समदे उतरले.'

*

पुढं आम्ही सुधारलो. एका फोनवर गेम आणि दुसऱ्या फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरायचा, की जपानीचं मराठी होतं. म्हणजे होतं काहीतरी. चौघांच्या हातात मिळून आठ फोन, चौघंही माना घालून एका फोनानं दुसरा फोन तपासतायत, असं दृश्य काउंटरवर रोजचं झालं.

बार्शीचे एक गृहस्थ किल्ली घ्यायला आले आणि बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "काय, कंपनीची तपासणी हाय का?"

"न्हाय, वाचन चाललंय," अनंता मान वर न करता म्हणाला.

हे मराठी कसलं असायचं! 'तलवार रागावली आहे, तिला पाणी दाखवा.' 'आपला घोडा मनापासून दिलगीर आहे.' एकदा गेम उघडेचना. नुसतीच पाटी. कॅमेरा धरला तर मराठी आलं, 'आत पवित्र काम सुरू आहे. दार उघडेपर्यंत बाहेर शांत उभे राहावे.' मी आणि गौतम वैतागलो. दुरुस्ती तरी किती वेळ करायची!

अनंतावर काही परिणाम नाही. त्याचं आयुष्य दाराच्या अलीकडं-पलीकडं गेलेलं. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? अभिषेक चाललाय. झाला की उघडतील."

आजही गेम बंद असला की आम्ही एकमेकांना 'अभिषेक चाललाय' असाच मेसेज टाकतो. एकदा तो चुकून माझ्या बायकोला गेला. ती ओटीचं सामान घेऊन देवळाच्या दारात जाऊन थांबली. घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

आता मंडळात राहायचं, तर चार शब्द बोललं पाहिजे. काय बोलणार? आपण जे सगळ्यांना विचारतो तेच. अनंतानं फोनकडून जपानी करून घेतलं आणि खिडकीरावांना पाठवलं, 'जेवण झालं का?'

आपल्याकडं यावर 'व्हय, झालं' एवढंच उत्तर असतं. खिडकीरावांनी उत्तर दिलं ते असं. भात एक वाटी, भाजलेला मासा अर्धा, मुळ्याचं लोणचं, सूप. शिवाय मासा अर्धाच का, तर उरलेला उद्याच्या डब्याला!

अनंता गहिवरला. "बघा, किती मनापासून सांगितलं!" दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा यादी. हळूहळू मंडळातले सगळेच लढाईच्या आधी जेवणाचा हिशेब द्यायला लागले. त्यांना वाटलं असावं, की आपल्याला कळला नाही तरी हा नियमच आहे.

मग नवरात्र आलं. त्यांनी उलट विचारलं, 'जेवण झालं का?' अनंतानं खरं ते सांगितलं, 'नऊ दिवस उपास आहे.'

फोननं त्याचं जपानी काय केलं देवाला ठाऊक! संध्याकाळी अनंतानं गेममधली पेटी उघडली, तर आत भाताचे गोळे. एकानं पाच, एकानं दहा, खिडकीरावांचे एकट्याचे चाळीस. सोबत चिठ्ठ्या. कॅमेऱ्यानं वाचल्या, तर सगळ्यांचा अर्थ एकच. घाबरू नकोस, आम्ही आहोत.

गेममधला अनंता त्या दिवशी खरोखरच अर्धमेला होता, कारण खेळाडूला खायला घातलं नाही की त्याची ताकद उतरते. गौतम म्हणाला, "खाऊन टाक की आता. एवढं पाठवलंय लोकांनी."

अनंता म्हणाला, "उपासाला भात चालत न्हाय."

"अरे, गेममधी!"

"गेममधी असला तरी मीच हाय न्हवं तो?"

दसऱ्यापर्यंत त्याचा खेळाडू भिंतीला टेकून बसला होता. शेजारी दीडशे भाताचे गोळे.

*

इथवर सगळं हसण्यावारी. मग एक नोटीस आली.

ती चित्रात होती. उभ्या ओळी, नक्षीदार अक्षरं, कडेनं फुलं. कॅमेऱ्याला उभं वाचता येईना. फोन आडवा धरला, तिरका धरला, शेवटी गौतमनं स्टुलावर चढून वरून धरला. मराठी आलं, 'ज्यांना तोंड नाही त्यांनी पुढील महिन्यापासून उतरावे.'

काका शेजारीच उभे होते. त्यांनी वाचलं.

गौतम घाईनं म्हणाला, "काका, हे येडं कायबी लिहितंय. थांबा जरा." दोन दिवस खपून, शब्द शब्द सुटा करून त्यानं खरा अर्थ लावला. पुढच्या महिन्यापासून मोठ्या लढाया बोलून लढायच्या. माइक चालू पाहिजे, एकमेकांना इशारे दिले पाहिजेत. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी दुसरं, शांत मंडळ बघून देण्यात येईल. लिहिलं होतं अतिशय गोड शब्दांत. पण मतलब फोनानं पहिल्या दिवशी सांगितला होता तोच.

काकांनी लिहिलं, 'मी उतरतो.' वही खिशात घातली आणि गेले.

तीन दिवस आले नाहीत. पाच वाजले की आम्ही तिघंही दाराकडं बघायचो आणि एकमेकांना दिसू द्यायचो नाही. सगळ्या गावात या माणसाला बरोबरीनं वागवणारी एकच जागा होती, आणि तीही आता बोला म्हणत होती. मला रडू यायचं राहिलं होतं.

चौथ्या दिवशी अनंता उठला आणि काकांच्या घरी जाऊन त्यांना घेऊनच आला. "काका, आमाला तरी कुठं जपानी बोलता येतंय? माइक चालू करून गप बसू चौघंबी. काढलं तर चौघांना काढतील."

*

बोलून लढायचा पहिला दिवस. समोर डोंगराएवढं कासव. ते तोंडातून वाफ सोडतं आणि वाफेत सापडला तो संपला. चारही फोन माइक चालू करून काउंटरवर मांडलेले, तिकडून तीस जणांचा जपानी गलका. सगळे एकदम बोलतायत, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. थेट आपली ग्रामसभा!

काका स्टुलावर बसून कासवाकडं बघत होते. तीस वर्षं गर्दीवर नजर ठेवलेला माणूस. वाफ सोडायच्या आधी कासव डावा पाय आत घेतं, हे आमच्यात फक्त त्यांच्या लक्षात आलं होतं.

कासवानं डावा पाय आत घेतला. काकांनी ओरडायला तोंड उघडलं. आवाज कुठला येणार! हात हवेत गेला, एसटीतल्या घंटीची दोरी ओढायला जायचा तसा, आणि खाली आला तो काउंटरवरच्या घंटीवर. गिऱ्हाइकांनी मॅनेजरला बोलवायला दाबायची ती घंटी.

टिंग.

खिडकीराव जागच्या जागी थांबले. का थांबले, मी आजवर विचारलेलं नाही. ते थांबले म्हणून मागचे थांबले. वाफेचा लोट त्यांच्या पुढ्यातून निघून गेला. तिकडं एकदम शांतता.

काकांनी घंटी दोनदा दाबली. टिंग टिंग.

आणि तीसच्या तीस जण पुढं सरकले!

कासव पडल्यावर खिडकीरावांचा मेसेज आला, 'घंटी कोणाची?' गौतमनं लिहून पाठवलं, 'आमचे काका. बसचे कंडक्टर होते. त्यांना बोलता येत नाही. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.'

मग पडद्यावरच्या तीसही खेळाडूंनी काकांच्या खेळाडूकडं तोंड केलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. काका वाकायचं बटण शोधायला लागले. सापडेना. शेवटी स्टुलावरून उतरले आणि फोनलाच हात जोडले.

त्या दिवसापासून मंडळात त्यांचं नाव 'कंडक्टर-सान'. अनंतानं खुलासा केला, "सान म्हंजे आपलं राव."

*

पण घंटी शेवटी लॉजची. एका रविवारी पुन्हा त्याच कासवाशी लढाई चाललेली, काका पाणी प्यायला आत गेलेले, मी वर खोली दाखवत होतो. लातूरचे एक पाहुणे सामानासकट काउंटरशी आले. मॅनेजर दिसेना, म्हणून त्यांनी घंटी दाबली. एकदा नाही, दोनदा. तेही घाईनं.

मी जिन्यातूनच गौतमचा आवाज ऐकला, "अवो, काय केलंत हे!"

तीस माणसं गेली की हो सरळ वाफेत! एकही वाचला नाही. पाहुणे बिचारे बॅग छातीशी धरून उभे. "मी खोली मागायला आलतो," म्हणाले.

खिडकीरावांचा मेसेज आला, 'आज कंडक्टर घाईत होते का?'

दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली. 'घंटी वाजवू नये. हाक मारावी.' रोज कोणी ना कोणी विचारतंच, "मग घंटी ठेवलीय कशाला?"

अनंता सांगतो, "गाडी सोडायला."

*

आता गेल्या महिन्यातलं सांगतो.

काका दर सहा महिन्यांनी तपासणीला सोलापूरला जातात. या वेळी डॉक्टरांनी मुदतीआधीच बोलावलं होतं. मागच्या तपासणीत काहीतरी दिसलं होतं म्हणे. काकांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, अनंतानं त्यांच्या पिशवीतली फाइल बघितली म्हणून कळलं. सकाळी जाताना काका काउंटरवर वहीचं पान ठेवून गेले होते. 'पाचपर्यंत येतो.'

त्याच दिवशी मंडळाची वर्षातली सगळ्यात मोठी लढाई होती. लढाईचं दार साडेपाचला उघडणार, सहाला बंद. त्याच्या आत सगळे आत गेले तर गेले, नाहीतर पुढच्या वर्षी.

पाच वाजले. सव्वापाच. काकांना फोन करण्यात अर्थ नाही, ते बोलणार काय? मेसेज टाकले, ते वाचलेले दिसेनात. अनंता दोनदा स्टँडवर जाऊन आला. गौतम उगाचच फोन पुसत बसला. मी दोन गिऱ्हाइकांना एकाच खोलीची किल्ली दिली.

साडेपाच वाजले. दार उघडलं. मंडळ दाराशी रांगेत उभं. कुणीच हलेना.

दहा मिनिटं गेली. अनंताला राहवेना. त्यानं घंटी दाबली, टिंग टिंग. कुणी हललं नाही. पुन्हा दाबली. तरी कुणी नाही.

खिडकीरावांचा मेसेज आला. गौतमनं कॅमेरा धरला. अक्षरं दोनदा पुसली गेली आणि तिसऱ्यांदा आली. 'कंडक्टर चढलेले नाहीत. गाडी थांबवून ठेवली आहे.'

अनंतानं घंटीवरचा हात काढून घेतला.

सहाला आठ मिनिटं कमी असताना काका लॉजच्या दारातून आत आले. धुळीनं भरलेले, हातात फाइलची पिशवी. अनंता उठून उभा राहिला. "काका, डॉक्टर काय म्हणले?"

काकांनी वही काढली नाही, 'ते नंतर' अशी नुसती हातानं खूण केली. खिशातून फोन काढला, गेम उघडला आणि पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केला. तिकडं रांगेत त्यांचा खेळाडू येऊन उभा राहिला. काकांनी शर्टाची कॉलर नीट केली. मग गौतमकडं, अनंताकडं, माझ्याकडं, एकेकाकडं बघितलं. कंडक्टर गाडी सोडायच्या आधी सीटं मोजतो, तसं.

आणि घंटीवर हात ठेवला.

टिंग टिंग.